कबुलीचा कागद

पाद्रीबाई म्हणाल्या, आमच्यात घोकून म्हणायचं काही नसतं.
तुला खरंच जे वाटतं, ते तूच लिहून आण, रविवारी वाच.
एक पान पुरे. शुद्धलेखन देव तपासत नाही,
मीही नाही.

सेहेचाळिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घ्यायला निघालेय मी,
हार्लिंगेनमधल्या धुलाईघरात इस्पितळाच्या चादरी धुणारी बाई.
लिहिण्याची सवय म्हणाल तर इतकीच:
अभ्रे दोनशे चाळीस, पैकी फाटके सहा.

त्याच याद्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला बसले.
‘माझा विश्वास आहे की’
आणि पुढे नुसती वाफ.
तीन नंबरच्या मशीनची थरथर टेबलापर्यंत येते,
म्हणून अक्षर कापरं आलं,
बघणाऱ्याला वाटावं, केवढी भक्ती दाटून आलीय.

आमच्या घरी देव बटाट्यांच्या आधी यायचा
आणि बटाटे गार झाल्यावर जायचा.
बाबांना नरकाची दिशासुद्धा ठाऊक होती:
शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडे, जरा उजवीकडे.
ते गेले त्या आठवड्यात माझ्या चारही रात्रपाळ्या
बेरेंटने केल्या. त्याचा कशावरच विश्वास नाही.
परत आले तर म्हणाला, इस्त्रीचा पट्टा सरकतोय, बघ,
बाकी अवाक्षर नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

हाब्तोम इस्त्रीचं यंत्र चालू करण्याआधी
कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढतो.
मी विचारलं, रोज? तो म्हणाला,
तुझ्या बोटांसाठी पण काढतो, तू घाईत असतेस.

आणि खिडकीची फळी.
खिशांतून, उशांतून जे जे निघतं ते बेरेंट तिथे मांडतो,
चिठ्ठीवर तारीख घालून:
दातांची कवळी, बसचं तिकीट,
लाल मण्यांची माळ, एका पोराने काढलेली पाच पायांची गाय.
नियम तीन महिन्यांचा. गाय दोन वर्षं तिथेच उभी आहे.

हे सगळं लिहिलं. मग खोडलं.
कारण मंगळवारी मीच त्या नव्या पोरीवर, मारितवर, ओरडले होते,
लाल ब्लँकेट पांढऱ्यांत टाकलं म्हणून.
चाळीस चादरी गुलाबी. तिचे कान त्याहून लाल.
सगळ्यांसमोर बोलले, आणि बोलताना
बरं वाटत होतं मला, ते लपवत नाही.
आवाज माझा होता, हुंकार बाबांचा.
संध्याकाळी बघते तर माझ्या वाट्याचे टॉवेल
घडी घालून ठेवलेले, कडेला कड लावून.
विचारलं नाही कुणी घातले.
विचारायला हवं होतं.

शुक्रवारी अखेर पान झालं, स्वच्छ अक्षरात,
एप्रनच्या खिशात नीट ठेवलं.
एप्रन टाकला धुवायला.
वीस वर्षं दुसऱ्यांचे खिसे तपासतेय मी.

रविवारी उभी राहिले रिकाम्या हातांनी.
लाकडी बाकं, सतरा माणसं, बाहेर समुद्राचा वारा,
मागच्या बाकावर बेरेंट, इस्त्रीच्या शर्टात,
हात बांधून, जणू बस चुकली म्हणून आत शिरलाय.
म्हटलं, जे लिहिलं होतं ते नव्वद अंशांवर धुतलं गेलं.
कुणीतरी हसलं. मीही.
म्हटलं, देवाबद्दल मला फारसं माहीत नाही.
माझ्यासाठी काहीजणांनी काही केलं, बोलून न दाखवता,
ते कुठून येतं त्याच्याकडे तोंड करून मला उभं राहायचंय.
आणि एका मुलीची माफी मागायची आहे, ती इथे नाही,
ती उद्या सातला येते.
एवढंच. बसले.

सोमवारी पावणेसातला पोचले. दिवे लागायचे होते.
मारित यायची होती. ओठांवर वाक्य चार वेळा घासून झालं होतं.
फळीवर, गायीच्या शेजारी,
कागदाचा पांढरा, वाळून टणक झालेला गोळा,
आणि चिठ्ठीवर बेरेंटच्या अक्षरात
शुक्रवारची तारीख.